खासदारसाहेब, तुमचं मत कोणत्या बाजूला पडलं?

महाराष्ट्रातल्या मतदारांना जाहीर आवाहन



आपल्या खासदारांचा कार्यअहवाल एकदा चाळून बघा. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर पक्षनेत्यांचे फोटो, पुढे भूमिपूजनं, हायमास्ट दिवे, सभामंडप, बसथांबे, रुग्णवाहिकांचं लोकार्पण. शेवटी मंत्र्यांना निवेदन देतानाची छायाचित्रं. ही कामं वाया गेली असं कुणी म्हणणार नाही. गाडीला थांबा मिळाला तर शेकडो प्रवाशांची सोय होते. पण ज्या कामासाठी आपण त्यांना दिल्लीला पाठवलं, त्याला या अहवालात एक पानही नसतं. देशाचे कायदे तिथे होतात. नागरिकत्व, शेती, आरक्षण, निवडणूक पद्धत अशा प्रश्नांवर साहेब 'हो' म्हणाले की 'नाही', आणि का म्हणाले, हे ते सांगत नाहीत. आपणही विचारत नाही. लग्नाला आले होते का, दशक्रियेला थांबले होते का, याचा हिशेब मात्र गावात चोख असतो.

म्हणून हे आवाहन. राष्ट्रीय प्रश्नांवरची आपल्या खासदारांची भूमिका लेखी मागा. निवडणुकीची वाट न पाहता, आत्ता मागा.

अहवालातली अशी कामं ज्यातून होतात ती खासदार निधीची योजना सुरू झाली डिसेंबर १९९३ मध्ये. त्याआधी चाळीस वर्षं लोकसभा चाललीच होती आणि खासदारांची ओळख त्यांच्या भूमिकांवरून होत होती. कुलाब्यातून निवडून गेलेले सी. डी. देशमुख देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. राजापूरचे बॅ. नाथ पै विरोधी बाकांवर बसूनही घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक घेऊन उभे राहिले. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घातल्यानंतरही संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार शाबूत राहावा, असा त्यांचा आग्रह होता. तो सर्वांना पटला नाही, विधेयकही मंजूर झालं नाही. पण त्यांचं म्हणणं काय आहे याविषयी कुणाला शंका नव्हती. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून निवडून आलेले मधू लिमये यांनी आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. पाच वर्षांसाठी निवडून दिलेल्याने सहाव्या वर्षी खुर्चीत बसू नये, इतकं ते सरळ होतं. या तिघांची आठवण आज कुणी बसथांब्यावरून काढत नाही.

आता अडचणीचं बोलू. आपला खासदार कसा मतदान करतो हे शोधायला गेलं, तर पुष्कळदा ते सापडतच नाही. सापडण्याजोगी नोंदच झालेली नसते. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आणि अध्यक्ष कौल जाहीर करतात. कौल अमान्य करून एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली तर बटणं दाबून किंवा चिठ्ठ्यांवर मतं घेतात, आणि मग प्रत्येकाचं नाव कार्यवृत्तात येतं. त्यातही लोकसभेच्या नियमांत एक पळवाट आहे. मागणी विनाकारण केली आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर सदस्यांना जागच्या जागी उभं करून नुसती डोकी मोजता येतात, आणि अशा मोजणीत नावं नोंदवली जात नाहीत.

२० सप्टेंबर २०२० हा दिवस आठवा. तीन कृषी विधेयकांपैकी दोन त्या दिवशी राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत राहिले, सभागृहात गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यात महाराष्ट्राचे राजीव सातव होते. पुढे दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कायदे मागे घेण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झालं. कायदे येतानाही नाव नाही, जातानाही नाव नाही. त्या काळात आपला खासदार कुठे उभा होता हे कार्यवृत्तावरून सांगता येत नाही. तो स्वतः सांगेल तेवढंच खरं.

घटनादुरुस्तीचं मात्र वेगळं आहे. तिथे मतविभागणी घ्यावीच लागते. एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांत दोन तृतीयांश, असं दुहेरी माप असतं. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातल्या दोघांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि दुसरे आपल्याच औरंगाबाद मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात स्वतंत्र वाटा नाही, हे त्यांचं कारण. ते पटो वा न पटो, मतदाराला आपल्या खासदाराचं मत आणि त्यामागचं कारण दोन्ही कळलं. बाजूने मत दिलेल्या महाराष्ट्रातल्या किती खासदारांनी मतदारसंघात येऊन आपलं कारण सांगितलं?

भाषण आणि मत यांत अंतर पडू शकतं, हेही ध्यानात ठेवा. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या थेट परकीय गुंतवणुकीवर लोकसभेत मतदान झालं. समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष दोघेही भाषणात त्या धोरणाच्या विरोधात बोलले. मतदानाच्या वेळी दोघांनीही सभात्याग केला आणि विरोधकांचा ठराव २१८ विरुद्ध २५३ मतांनी पडला. दोन दिवसांनी राज्यसभेत बसपाने तर सरकारच्याच बाजूने मत दिलं. आपल्याकडचं उदाहरण २०१९ चं आहे. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला, आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाच्या वेळी तिचे सदस्य बाहेर गेले. आमच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत, असं पक्षाने कारण दिलं. मत बदलायला हरकत नाही. विचार करणाऱ्या माणसाचं मत बदलतंही. बदल का झाला हे त्या त्या खासदाराने आपल्या मतदाराला सांगावं, एवढंच मागणं आहे. या उदाहरणांत वेगवेगळे पक्ष आहेत, ते मुद्दाम घेतले आहेत. सवय सगळ्यांचीच आहे.

तुम्ही पत्र घेऊन संपर्क कार्यालयात गेलात की पहिलं उत्तर ठरलेलं असेल: "आम्ही पक्षादेशाने बांधलेले आहोत." यात तथ्य आहे. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, आणि पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षांतरं करणारे आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी केलेला हा उपाय. आयाराम किती थांबले हे महाराष्ट्राला २०२२ च्या पक्षफुटीनंतर कुणी समजावून सांगायची गरज नाही. एकट्यादुकट्या खासदाराची जीभ मात्र बांधली गेली. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की पक्षादेश मोडण्याची ही शिक्षा विश्वासदर्शक ठरावासारख्या, सरकार टिकण्याशी संबंध असलेल्या मतदानापुरती ठेवावी. ते कुणी ऐकलं नाही.

तरीही पक्षादेशाची सबब पूर्ण घेऊ नका. तो फक्त मताला लागू होतो. पक्षाच्या बैठकीत काय बोलायचं, स्थायी समितीत कोणता प्रश्न विचारायचा, विधेयकावर कोणती दुरुस्ती सुचवायची, मतदारसंघातल्या सभेत काय सांगायचं, यावर त्याची बंदी नाही. शिवाय काही मोठे निर्णय संसदेच्या मतदानाला येतच नाहीत. ७ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने. संसदेचं हिवाळी अधिवेशन त्या वेळी चालू होतं. लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, पण कुणाला हात वर करावा लागला नाही. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. नाशिक-दिंडोरीत लोकसभेचं मतदान होतं २० मे ला. त्या पाच महिन्यांत आपल्या खासदाराने काय केलं, हे विचारायला कोणता पक्षादेश आड येतो?

पत्रात काय विचारायचं? गावागावात प्रश्न वेगळे असतील, तसेच असावेत. तीन मात्र सगळ्यांनीच विचारावेत असं वाटतं. पहिला 'एक देश, एक निवडणूक' याविषयी. डिसेंबर २०२४ मध्ये हे घटनादुरुस्ती विधेयक मांडायला परवानगी देण्यावरच लोकसभेत २६९ विरुद्ध १९८ अशी मतं पडली आणि ते संयुक्त समितीकडे गेलं. राज्याची विधानसभा मध्येच बरखास्त झाली तर उरलेल्या मुदतीपुरतीच निवडणूक घ्यायची, ही त्यातली तरतूद तुम्हाला मान्य आहे का? दुसरा मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा. राज्यांच्या जागांचं वाटप १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेलं होतं. २००१ च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच ठेवलं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांच्या जागांचं प्रमाण घटावं का, आणि महाराष्ट्राच्या ४८ जागांबद्दल तुमचं म्हणणं काय? तिसरा आरक्षणावरच्या ५० टक्के मर्यादेचा. मराठा आरक्षणाचा कायदा ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, त्याचं एक मोठं कारण ही मर्यादा होती. मोर्चात येऊन पाठिंबा देणं सोपं आहे. मर्यादा वाढवणाऱ्या घटनादुरुस्तीच्या बाजूने तुम्ही संसदेत उभे राहाल का, हो की नाही?

पत्र साध्या मराठीत, एका पानाचं असू द्या. निवेदनासारखं 'सविनय कळवितो की' लिहीत बसू नका, प्रश्न विचारा. दहा-बारा जणांच्या सह्या पुरेत, पण त्यात वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे असावेत, नाहीतर पत्र विरोधकांचं म्हणून बाजूला पडेल. स्पीड पोस्टाने दिल्लीच्या आणि मतदारसंघातल्या, दोन्ही पत्त्यांवर पाठवा. तोवर संसदेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदाराची भाषणं आणि प्रश्न वाचून ठेवा. गावातल्या कॉलेजच्या मुलांना हे काम द्या, ती तासाभरात शोधून देतील. हजेरीचे टक्के आणि प्रश्नांची संख्या यांवर भाळू नका. शंभर प्रश्न विचारणाऱ्याची एकाही प्रश्नावर भूमिका नसू शकते.

उत्तर आलं तर ते ग्रामसभेत वाचून दाखवा, सोसायटीच्या फलकावर लावा, गटात पाठवा. तुमच्या मताच्या विरुद्ध उत्तर आलं तरी पाठवणाऱ्याचे जाहीर आभार माना. स्पष्ट 'नाही' म्हणणाऱ्याला ट्रोल केलंत तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर 'उत्तर आलेलं नाही' हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लावा. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत. ते आपल्या मताने निवडून आलेले नसले तरी आपल्याच नावाने तिथे बसतात, त्यांनाही हेच पत्र जाऊ द्या.

पुढच्या अधिवेशनाच्या आधी ही पत्रं दिल्लीत पोहोचली पाहिजेत. या आठवड्यात सह्या गोळा करा, आणि पत्राची एक प्रत गावाच्या वाचनालयात ठेवा.

— आपलेच, महाराष्ट्रातले काही मतदार