टायर नवा, व्हॉल्व्ह जुना

सीएसडी कॅन्टीनमधून स्पोर्ट बाइक घेणाऱ्या पोरांची एक गंमत आहे. पहिल्या दोन महिन्यांत सायलेन्सर बदलतो, आरसे बदलतात, नंबरप्लेटखाली निळे दिवे येतात. टायर झिजला की आठवडाभर बॅरेकमध्ये चर्चा : कुठल्या कंपनीचा, किती रुंद. पण टायरातली सगळी हवा ज्या बोटभर रबरी नळीच्या भरवशावर असते, त्या व्हॉल्व्हबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माझं मत असं की ट्यूबलेस टायर बदलताना व्हॉल्व्ह बदललाच पाहिजे, आणि जो दुकानदार "चालतंय की अजून" म्हणेल त्याच्याकडे टायर बसवूच नये.

आमच्यातला साताऱ्याकडचा एक नाईक पठाणकोटहून जम्मूकडे निघाला होता. पुढचा टायर पंधरा दिवसांपूर्वीच टाकलेला. वळणावर हँडल जड झालं आणि गाडी वळायची ती सरळच गेली. कॉलरबोन मोडलं, दीड महिना हात गळ्यात. नंतर एमटीच्या उस्तादाने चाक पाण्यात धरलं. टायर ठणठणीत, रिम ठणठणीत, आणि व्हॉल्व्ह जरा बाजूला दाबला की बुडातून बुडबुडे. टायर नवा होता, व्हॉल्व्ह गाडीबरोबर आलेला.

रबर मरतं ते उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने, आणि ताणलेलं रबर आधी मरतं. व्हॉल्व्ह रिमच्या भोकात दाबून बसवलेला असतो, म्हणून भेगा नेमक्या बुडाशी पडतात, जिथे सहज दिसत नाहीत. नवा माल म्हणजे चांगला माल, असंही नाही. २००८ साली अमेरिकेत चीनमध्ये बनलेले रबरी व्हॉल्व्ह मोठ्या संख्येने परत मागवावे लागले, कारण त्यांचं रबर ओझोनला तोंड देत नव्हतं आणि लवकर तडकत होतं. राजस्थानात पोस्टिंगवर असलेल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. त्यात पुढच्या चाकाला दोन डिस्क असल्या की पंपाची नळी नीट बसत नाही. मग हवा भरणारा व्हॉल्व्ह धरून वाकवतो. दर खेपेला.

आता जरा हिशेब. १७ इंची चाक ताशी १०० किलोमीटरने फिरतं तेव्हा व्हॉल्व्हच्या टोपीवर तिच्या वजनाच्या साधारण दीडशे पट जोर बाहेरच्या बाजूला येतो. ताशी १५० ला हाच जोर सव्वातीनशे पटीच्या पुढे जातो. म्हणजे ती पितळी कवटीची नाहीतर बंदुकीच्या गोळीची टोपी १० ग्रॅमची असेल, तर १०० च्या वेगाला रबरी नळीवर दीड किलो लटकवल्यासारखं झालं. हवेचा दाब दाखवणारे टोपीसारखे सेन्सर मिळतात, त्यांचंही तेच. ते लावायचे तर धातूच्या व्हॉल्व्हवर लावा.

हाच जोर आतल्या पिनवरही येतो. सरळ व्हॉल्व्हची पिन आत दाबली की उघडते, आणि चाक फिरताना जोर त्याच दिशेने असतो. स्प्रिंग चांगली असेल तर काही होत नाही, थकलेली असेल तर होऊ शकतं. म्हणून टोपी फक्त धुळीसाठी नसते. आत रबरी वायसर असलेली हलकी टोपी हे दुसरं कुलूप आहे.

मग घ्यायचा कोणता? रोजच्या वापराला, १२० च्या आत चालवणाऱ्याला, चांगल्या कंपनीचा आखूड रबरी व्हॉल्व्ह पुरतो. दोन डिस्कवाल्यांनी आणि वेगाने चालवणाऱ्यांनी नटने आवळायचा, काटकोनात वळलेला धातूचा व्हॉल्व्ह घ्यावा. नळी सरळ बसते, वाकवावं लागत नाही, आणि पिन आडवी असल्यामुळे वेगाचा जोर तिला उघडत नाही. मात्र आधी रिमचं भोक मोजा. ८.३ आणि ११.३ मिलिमीटर ही दोन मापं जास्त चालतात, आणि एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्यात जमवून देणारे महाभाग भेटतात. रंगीत ॲल्युमिनियमचा ऑनलाइन स्वस्त जोड तर मी कोणाला घेऊ देत नाही. नट जरा जास्त आवळला की आटे जातात, कमी आवळला की वायसर हवा सोडतो. समुद्राकाठच्या पोस्टिंगवर आणखी एक भानगड असते. ॲल्युमिनियमच्या नळीत साधी पितळी पिन खाऱ्या हवेत गंजून अशी धरते की काढताना नळीच तुटते. तिथे निकेलचा मुलामा असलेली पिनच हवी.

(लेहला गेल्यावर गेज चार-पाच पीएसआय जास्त दाखवतं म्हणून घाबरू नका. बाहेरची हवा विरळ असते, व्हॉल्व्हचा त्यात दोष नाही.)

सरकारी गाडीची फर्स्ट पॅरेड आपण रोज करतो, मग स्वतःच्या गाडीची सुट्टीवर निघताना तरी करावी. व्हॉल्व्ह बोटाने चारी बाजूंना हलकेच वाकवून बुडाशी भेग दिसते का बघा, पिनवर आणि बुडाशी साबणाचं पाणी सोडा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि दुकानात टायर बदलताना चहाला जाऊ नका, तिथेच उभे राहा. कापून काढलेला जुना व्हॉल्व्ह हातात मागून घ्या. तो देता आला नाही, तर समजा की अजून रिममध्येच आहे.