पगार एक तारखेचा, उपदेश फुकटचा

मंडळी, आमची पुतणी घरबसल्या डिझाइनची कामं करते. गणपती ते दिवाळी मुखपृष्ठं, जाहिराती, रात्रीचा दिवस. पुढं पौष-माघात शुकशुकाट. नातलग सुनावतात, "वेळेचं नियोजन शीक!" अहो, मजकूर आयत्या वेळी तुम्ही देणार, पैसे होळीला देणार, आणि नियोजन तिनं करायचं? २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानं उद्यम नोंदणी असलेल्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज! आम्हा मास्तरांना मे महिन्याच्या सुट्टीचाही पगार मिळे; आम्ही कसली शिस्त शिकवणार? आधी आगाऊ रक्कम द्या, घाईच्या कामाचे जादा मोजा. पटत नसेल तर खुशाल भांडा.