गोटी स्वस्त, डोळा त्याहून स्वस्त!

ज्या महाराष्ट्रात पिंपरी, चाकण, रांजणगाव आणि नाशिकच्या कारखान्यांतून रोज नव्या कोऱ्या मोटारी बाहेर पडतात, ज्या कारखान्यांत चाकाचे सगळे नट एकाच वेळी आवळणारी यंत्रे आहेत आणि कोणता नट किती जोराने आवळला गेला याची नोंद ती यंत्रे स्वतःच ठेवतात, त्याच महाराष्ट्रात, त्याच कारखान्यांच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, हमरस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा गुडघे टेकून चाकासमोर बसतो, हवेच्या गनच्या टोकाला हातपान्याची चकचकीत गोटी, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, चढवतो, ट्रिगर दाबतो, आणि त्याच्या उघड्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर ती गोटी मिनिटाला हजाराहून अधिक घाव खात राहते. असले घाव सोसण्यासाठी ती घडवलेलीच नाही. हे मालकाला ठाऊक आहे. विकणाऱ्याला ठाऊक आहे. बनवणाऱ्याने तर तसे छापूनच ठेवले आहे. ठाऊक नाही ते फक्त त्या पोराला.

देशापुढे एवढे गहन प्रश्न उभे असताना वर्तमानपत्राने गॅरेजातल्या गोटीवर अग्रलेख खर्ची घालावा काय, असे नाक मुरडून विचारणारे सद्गृहस्थ आम्हांस अपरिचित नाहीत. त्यांच्याच मोटारीचे चाक त्या गोटीने चढवलेले असते. कामगारांच्या कल्याणाच्या घोषणा व्यासपीठावरून करणे सोपे. त्या कामगाराच्या हातात आज सकाळी कोणते हत्यार आहे आणि ते त्याच्या तोंडावर फुटेल की नाही, हे वाकून पाहणे अवघड. आम्ही वाकून पाहिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती. हाताने फिरवायची गोटी बहुतेक करून क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असते. अडचणीच्या जागी शिरता यावे म्हणून तिची भिंत पातळ ठेवतात, आणि पातळ भिंतीला बळ यावे म्हणून पोलादाला कडक पाणी देतात. वरून गंज लागू नये म्हणून क्रोमचा मुलामा. माणसाच्या मनगटाचा जोर हा सलग चढत जाणारा जोर असतो आणि तो पेलण्यास ही गोटी सर्वथैव समर्थ आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. गनची तऱ्हा निराळी. गनच्या पोटात हातोडा फिरत असतो, तो फिरता फिरता दांड्यावर आदळतो, सुटतो, पुन्हा आदळतो. कठीण पोलाद असल्या घावांनी वाकत नाही. त्याला डोळ्यांस न दिसणारी चीर जाते, ती चीर महिनोन्महिने आतल्या आत वाढते, आणि एके दिवशी, बहुधा जाम झालेल्या नटावर, गोटीच्या ठिकऱ्या उडतात. काच कठीण असते आणि वेत चिवट. मार कोणी खावा हे आमच्या आज्यांनाही कळत होते. गनसाठीची गोटी म्हणूनच बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमची, जाड भिंतीची आणि मुद्दाम थोडी नरम राखलेली असते. तिच्यावर मुलामा नसतो, फॉस्फेटचा किंवा ऑक्साइडचा काळा लेप असतो, कारण क्रोमचा पापुद्रा घावांनी सुटू लागला की तो बोट कापतो. फारच राबवली तर ती फाकते, तिचे तोंड पसरते, नटावर ती डुगडुगू लागते. बदलण्याची वेळ आल्याचे ती स्वतः सांगते. चकचकीत गोटी काहीच सांगत नाही.

हे काही कोणा शास्त्रज्ञाने काल लावलेले शोध नव्हेत. एकाच दांड्यावर बदलता येणाऱ्या गोट्यांचा धंदा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जोसेफ जॉन्सन याने 1920 साली मांडला, आणि हवेची घाव घालणारी गन 1930 च्या दशकात त्या देशातल्या कारखान्यांत शिरली. तेव्हापासून गनची गोटी वेगळी आणि हाताची गोटी वेगळी, ही गोष्ट त्या धंद्यात पोरासोरांना माहीत आहे. आयएसओ 2725 या आंतरराष्ट्रीय मानकाचा एक भाग हातगोटीसाठी आणि दुसरा भाग यंत्राच्या गोटीसाठी आहे. जर्मनांनी यंत्राच्या गोटीला डीआयएन 3129 हा स्वतंत्र क्रमांक दिला आहे. आमच्या देशातील जालंधर आणि लुधियाना येथून हत्यारे युरोप-अमेरिकेस रवाना होतात, तेव्हा तिकडचा खरेदीदार ही मानके बोट ठेवून वाचतो आणि आमचा कारखानदार ती मुकाट्याने पाळतो. म्हणजे परक्या मेकॅनिकचा डोळा कसा वाचवावा हे ज्ञान आम्हांपाशी आहे, कौशल्य आहे, भट्टी आहे, पोलाद आहे. नाही ती आपल्या पोराची चाड!

गॅरेजात जवळ जाऊन पाहा. गनच्या गोटीच्या बुडाशी आडवे भोक असते आणि भोवती एक खाच. भोकातून पिन जाते, खाचेत रबराचे कडे बसते, आणि गोटी गनच्या चौकोनी दांड्यावरून उडून जात नाही. हातगोटीला आरपार भोक नाही, खाच नाही, म्हणून पिन नाही, कडे नाही. मग ती सुटू नये यासाठी आमचे पोर काय करते? फिरत्या गोटीच्या पाठीला डाव्या हाताची बोटे लावून धरते. जिथे काळी गोटी आहे तिथेही पिन केव्हाच हरवलेली असते आणि तिच्या जागी बाइंडिंगची तार पिळून घातलेली असते, जी गन सुरू होताच हातमोजा नसलेल्या हाताला ओरबाडीत फिरते. दांड्याचा चौकोन गोल झालेला, गोटीचे भोक सैल झालेले, त्यात दोन जोडतुकडे आणि एक एक्स्टेन्शन, तेही क्रोमचेच. एवढ्या डळमळीत उतरंडीच्या टोकाला ट्रकचा 32 मिलिमीटरचा नट, जो सुमारे 600 न्यूटन-मीटरने आवळलेला असतो आणि वर्षभराच्या चिखलाने धरलेला असतो. उस्ताद म्हणतो, "मार गन!" पोर मारते.

आता विकणाऱ्यांकडे वळू. गनला काळी गोटी लागते एवढे ज्ञान बाजारात पसरताच बाजाराने त्यावर उतारा शोधला. त्याने गोटी बदलली नाही, रंग बदलला. मुंबईच्या नागदेवीपासून तालुक्याच्या हार्डवेअर दुकानापर्यंत गिऱ्हाइकाने म्हणूनच रंगाला भुलू नये. भिंतीची जाडी बोटांनी चाचपावी, बुडाशी भोक आणि खाच पाहावी, पोलादाचे आणि बनवणाऱ्याचे नाव धातूत कोरले आहे की नुसत्या खोक्यावर छापले आहे हे पाहावे. काही चांगले कारखाने गनची गोटी व्हॅनेडियमच्या पोलादाचीही करतात, पण तिला पाणी निराळे देतात आणि ती गनची असल्याचे नावानिशी सांगतात. ज्या गोटीवर कोणाचेही नाव नाही, तिची जबाबदारी कोणाचीच नाही. बारा कोनांची गोटी गनवर चढवूच नये. ती नटाच्या कोपऱ्यांना धरते आणि कोपरे खाते. सहा कोनांची, कोपऱ्यांऐवजी सपाट अंगावर जोर देणारी गोटी नट गोल करीत नाही. आणि 21 च्या नटावर इंची माप "बसते" म्हणून ठोकून बसवणाऱ्या उस्तादांस आम्ही काय म्हणावे, ते छापण्याजोगे नाही.

अर्धा इंची, म्हणजे चार सुती चौकोनाची, 17, 19 आणि 21 या तीन मापांची अस्सल काळी गोटी एवढ्या सामग्रीत मोटारीच्या चाकांचे बहुतेक काम भागते. अशा संचाला पडणारा पैसा आणि त्याच गॅरेजाच्या दर्शनी भागावरील झगमगत्या फलकाला पडलेला पैसा यांची तुलना मालकाने एकदा स्वतःच्याच वहीत करावी. गिऱ्हाइकासाठी गार हवेची काचखोली, कोपऱ्यात कॉफीचे यंत्र, भिंतीवर टीव्ही; आणि काचेपलीकडे ट्रॉलीच्या खणात तोंड फाकलेल्या, चिरा गेलेल्या गोट्या. स्वस्त गोटी फुटते, नट खाते, स्टड तोडते. मग ग्राइंडर लावा, वेल्डिंग करा, नवा स्टड घाला, अर्धा दिवस घालवा. हा तोटा मालकाला दिसत नाही, कारण तो गिऱ्हाइकाच्या बिलात चढतो. पोराच्या बोटाला लागलेली पट्टी तर कोणाच्याच बिलात चढत नाही.

आणि गिऱ्हाईक? तो निष्पाप आहे असे समजण्याचे कारण नाही. पसंतीच्या नंबरासाठी हजारो रुपये मोजणारा हा मनुष्य मजुरीच्या पन्नास रुपयांसाठी पोराशी हुज्जत घालतो, "लवकर आटप, गन मार" असे ओरडतो, आणि शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटरवर थांबायला हवा तो नट गनने त्याच्या कितीतरी पलीकडे आवळून घेऊन समाधानाने निघून जातो. मग खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात रात्री टायर बसतो, डिकीतला एल पाना निघतो, बायकापोरे रस्त्याकडेला उभी राहतात, आणि गृहस्थ पान्यावर उभे राहून नाचले तरी नट हलत नाही. गन खोलण्यासाठी आहे. आवळताना शेवटचा जोर टॉर्क पान्याने, मोजून, चाक जमिनीवर टेकल्यावर द्यायचा असतो. खाल्लेल्या गोटीने उलटही घडते: गोटी नटावर घसरते, आवाज भरपूर होतो, नट मात्र ढिलाच राहतो. ट्रकचे चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासावेत, हा साधा नियम किती ट्रकमालक पाळतात? ढिले चाक निखळून पुढे धावते तेव्हा मालक कोण, हे विचारीत नाही.

कायदा काय करतो? कायदा आहे, तो फक्त दारातून आत येत नाही. कारखान्यांविषयीच्या 1948 च्या कायद्याने 35 व्या कलमात स्पष्ट सांगितले, की कामात तुकडे वा कण उडून डोळ्यांस इजा होण्याचा संभव असेल तिथे पडदा किंवा चष्मा दिलाच पाहिजे. पण कायद्याच्या लेखी कारखाना ठरतो तो माणसे मोजून, आणि दोन मिस्त्री व तीन पोरे असलेले गॅरेज त्या मोजणीत बसत नाही. जणू पोलादाचा तुकडा उडण्याआधी हजेरीपट पाहतो! चौदा वर्षांखालील मुलास कामास लावण्यावर बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने बंदी घातली, मुख्य अपवाद ठेवला तो शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करणाऱ्याचा. तर प्रत्येक गॅरेजातला बारक्या एकाएकी मालकाचा भाचा झाला. खेळण्यांवर 2021 पासून सरकारने आयएसआय चिन्ह सक्तीचे केले, हे उत्तमच केले. त्या खेळण्यांचे वय नुकतेच सोडलेल्या मुलाच्या हातातील गोटीवर काय कोरले आहे, हे पाहण्यास कोणी निरीक्षक रस्त्याकडेच्या शेडमध्ये शिरल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, फिती कापल्या जातात, हेल्मेट घालून छायाचित्रे निघतात. ज्या हातांनी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची चाके बसवली, ते हात त्या मांडवात कधी बोलावले गेले काय?

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो शिकून आलेला मुलगा हा भेद सांगू शकतो. परंतु गॅरेजातली बहुसंख्य मुले आयटीआयच्या दारातून आलेलीच नाहीत; ती थेट गावाच्या एसटीतून उतरून आली आहेत. त्यांचे विद्यापीठ म्हणजे उस्ताद, आणि उस्तादाने जे आपल्या उस्तादाकडे पाहिले तेच तो शिकवतो. गोटीच्या खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली "यंत्रावर वापरू नये, चष्मा घालावा" ही सूचना या मुलांसाठी नाहीच. ती बनवणाऱ्याने उद्याच्या कोर्टासाठी छापलेली आहे. इथे विकायचे असेल तर ती मराठीत आणि हिंदीत, खोक्यावर आणि गोटीच्या कडेला, वाचता येईल अशा अक्षरांत का येऊ नये?

आणि या साऱ्यावर कळस म्हणजे खंडेनवमी! त्या दिवशी शेड झाडून निघते, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ चढते, गनला हळदकुंकू लागते, पाने आणि गोट्या पाटावर मांडून मालक हात जोडतो, पेढे वाटतो. हत्याराला देव मानणारी ही संस्कृती थोर आहे, यात शंका नाही. मग पाटावर मांडलेली ती चिरलेली गोटी उचलून भंगारात टाकावी, एवढी भक्ती त्या मालकाच्या ठायी का नसावी? जो देव दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोराच्या डोळ्यात घुसू शकतो, त्याची पूजा करण्यापेक्षा त्या पोरास एक चष्मा आणून द्यावा. त्याला पेढ्यांच्या खोक्याहून अधिक पैसे पडत नाहीत.

मालक आपण होऊन बदलतील, ही आशा आम्ही सोडली आहे. निरीक्षकाची वाट पाहण्यातही अर्थ नाही. उरतो तो वाचक, ज्याच्या खिशातला पैसा गॅरेजाची चूल पेटवतो. त्याने पुढच्या वेळी किल्ली देण्यापूर्वी काचखोलीतून बाहेर यावे, शेडमध्ये जावे आणि गनच्या टोकाकडे पाहावे. तिथे चकाकणारी गोटी दिसली, तिच्या मागे तार गुंडाळलेली दिसली, गन धरणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा दिसला नाही, तर मालकाला सर्वांदेखत कारण सांगावे, आणि गाडी वळवून पुढच्या गॅरेजात न्यावी.