गवंडी आणि ‘हौशी’

‘अ‍ॅमॅच्युअर’ या शब्दासाठी मराठीत आपण ‘हौशी’ हा शब्द रूढ केला. हौशी रंगभूमी, हौशी खेळाडू. शब्द गोड आहे, म्हणूनच तो फसवा आहे. भाषांतराच्या तासाला आम्ही तो वर्षानुवर्षे बिनदिक्कत वापरत आलो. जॉन बी. केली या नौकानयनपटूची हकीकत वाचल्यापासून मात्र तो उच्चारताना आम्ही थबकतो.

केली (१८८९–१९६०) हा फिलाडेल्फियातल्या आयरिश स्थलांतरित कुटुंबातला, पेशाने गवंडी. १९२० साली इंग्लंडमधील हेन्लीच्या ‘डायमंड स्कल्स’ या एकेरी शर्यतीसाठी त्याने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. कारणे दोन होती. त्याच्या ‘व्हेस्पर’ क्लबावर आधीच्या एका दौऱ्याच्या वर्गणीवरून १९०६ पासून बंदी होती, हे एक. दुसरे असे की तो ‘हौशी’ ठरत नव्हता. हेन्लीने १८७९ मध्ये केलेल्या व्याख्येत कारागीर आणि मजूर यांना जागाच नव्हती. शर्यतीतून पैसा मिळवला की नाही, हा प्रश्न गौण; पोटासाठी हात राबले, एवढा दोष पुरेसा होता. अंगमेहनतीने कमावलेले बळ हा गैरवाजवी लाभ आहे, असाही युक्तिवाद (हसू येईल, पण गंभीरपणे) केला जाई.

त्या वर्षी ती शर्यत जॅक बेरेसफर्डने जिंकली. त्याच उन्हाळ्यात अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने बेरेसफर्डला एका सेकंदाने हरवले आणि सुमारे अर्ध्या तासाने नात्यातल्या पॉल कॉस्टेलोसह दुहेरीचेही सुवर्णपदक मिळवले. ही हकीकत सहसा सूडकथा म्हणून रंगवतात. आम्हांला ते वाचन अपुरे वाटते. केली जिंकला म्हणून त्याचा अपमान इतिहासात नोंदला गेला. जे गवंडी अर्ज करण्याच्याच भानगडीत पडले नाहीत, त्यांचे काय?

केलीचा थोरला भाऊ जॉर्ज हा नाटककार. त्याचे १९२२ चे ‘द टॉर्च-बेअरर्स’ हे नाटक हौशी नाट्यमंडळींचीच खिल्ली उडवते. दोहोंत कार्यकारणभाव शोधण्याचा मोह आम्ही आवरतो. तरी हौसेला आधी फुरसत लागते आणि फुरसत सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, ही गोष्ट आपल्या ‘हौशी’ या शब्दात कुठेच उमटत नाही, हे सांगितलेच पाहिजे. कोशकारांनी निदान मूळ शब्दाची ही बाजू नोंदवावी.

१९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांचा संघही हेन्लीत अडवला गेला, तेव्हा कुठे १९३७ मध्ये मजुरांविषयीचे कलम निघाले. १९४७ साली ‘डायमंड स्कल्स’ जिंकणाऱ्याचे नाव होते जॉन बी. केली, धाकटा.