विश्लेषण : गुणी तरुणांची फौज असूनही बाल्टिमोर ओरिओल्स का घसरले?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२३ साली १०१ सामने जिंकणारा बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ २०२५ मध्ये ७५ विजय आणि ८७ पराभवांसह आपल्या गटात तळाला गेला. या दोन वर्षांत संघाकडे गुणी तरुणांची वानवा नव्हती. उलट ते इतके होते की त्यांचे काय करायचे, हेच व्यवस्थापनाला वेळेत ठरवता आले नाही. २०२६ च्या हंगामाआधी मात्र संघाने पैसाही सोडला आणि तरुण खेळाडूही. हे धोरण का बदलावे लागले आणि ते योग्य का आहे, याविषयी.

संघ तळातून वर कसा आला होता?

२०१८ मध्ये ओरिओल्सने १६२ पैकी ११५ सामने गमावले. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्यूस्टन ॲस्ट्रोजमधून माइक एलियस यांना आणून संघाची सूत्रे त्यांच्याकडे देण्यात आली. त्यांचा मार्ग सरळ होता : महागडे अनुभवी खेळाडू सोडायचे, काही वर्षे हरायचे आणि तळाला राहिल्यामुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, आधी मिळणारी संधी साधायची. २०१९ मध्ये १०८ आणि २०२१ मध्ये ११० पराभव झाले. पण त्याच काळात ॲडली रचमन (२०१९) आणि जॅक्सन हॉलिडे (२०२२) हे ड्राफ्टमधले पहिल्या क्रमांकाचे खेळाडू संघाला मिळाले. दुसऱ्या फेरीत निवडलेला गनर हेंडरसन २०२३ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला. प्रेक्षकांनी रिकाम्या स्टेडियमची वर्षे सोसली ती याच दिवसांसाठी. या संघाने शेवटचे विजेतेपद मिळवले ते १९८३ मध्ये.

हंगाम संपल्यावर नेमके काय ठरते?

आयपीएलमध्ये लिलावाआधी कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे याची यादी निघते. बेसबॉलमध्ये हेच काम अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण मोठ्या संघाखाली मायनर लीगमधल्या उपसंघांची उतरंड असते. मैदानावर उतरू शकणाऱ्या खेळाडूंची यादी २६ जणांची, तर त्याभोवतीची राखीव यादी ४० जणांची. ओरिओल्सचा सर्वांत वरचा उपसंघ व्हर्जिनियातील नॉरफोक येथे आहे.

नोव्हेंबरमध्ये खरी कसोटी लागते. चार-पाच हंगाम मायनर लीगमध्ये काढलेल्या खेळाडूला ४० जणांच्या यादीत घेतले नाही, तर ‘रूल ५’ नावाच्या निवडीत दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर भरून नेऊ शकतो. अट एकच : नव्या संघाने त्याला पूर्ण हंगाम २६ जणांत ठेवायचे. ओरिओल्सला याचा लाभ झालेला आहे. क्लीव्हलँडने यादीबाहेर ठेवलेला अँथनी सॅन्टॅन्डर त्यांनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये असाच उचलला. त्याने २०२४ मध्ये ४४ होम रन केले. थोडक्यात, ४० पैकी प्रत्येक जागेला किंमत असते. एकाला आत घ्यायचे तर दुसऱ्याला बाहेर काढावेच लागते.

थांबण्याची किंमत कोण मोजतो?

तरुण खेळाडू मोजतो. मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ मध्ये झाला. त्यानुसार सर्वांत वरच्या पायरीवरचे किमान वेतन वर्षाला ३५,८०० डॉलर ठरले. त्याच वर्षी मेजर लीगमधले किमान वेतन ७ लाख २० हजार डॉलर होते, म्हणजे वीसपट. शिवाय मेजर लीगमध्ये सहा वर्षे पूर्ण झाल्यावरच खेळाडूला मनासारखा संघ निवडता येतो. नॉरफोकमध्ये घालवलेले दिवस या सहा वर्षांत धरले जात नाहीत.

कोबी मेयो हे याचे उदाहरण. नॉरफोकमध्ये सिद्ध करण्यासारखे फारसे उरले नसताना त्याला ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली संधी मिळाली. ती थोडक्यात संपली आणि २०२५ ची सुरुवात पुन्हा नॉरफोकमध्येच झाली. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही भारतीय संघाचे दार न उघडलेल्या अमोल मुजुमदार यांची कहाणी ठाऊक असणाऱ्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

मग चूक नेमकी कोठे झाली?

फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाने योग्य पाऊल उचलले होते. जोई ऑर्टिझ आणि डीएल हॉल हे दोन तरुण व ड्राफ्टमधला एक हक्क देऊन मिलवॉकीकडून कॉर्बिन बर्न्स हा अव्वल पिचर घेतला. त्याने हंगामात १५ विजय मिळवले. बाद फेरीत कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने एकच धाव दिली, तरी संघ १-० असा हरला. दुसरा सामनाही २-१ असा गेला.

त्यानंतर बर्न्स सहा वर्षांच्या २१ कोटी डॉलरच्या करारावर ॲरिझोनाला गेला, सॅन्टॅन्डर टोरोंटोला. त्यांना जाऊ देणे ही चूक होती, असे आज म्हणता येत नाही. बर्न्सच्या कोपरावर जून २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, सॅन्टॅन्डरचेही वर्ष दुखापतीत गेले. चूक झाली ती पुढे. बर्न्सच्या तोडीचा पिचर मिळवण्यासाठी संघाने ना तिजोरी उघडली ना तरुणांचा साठा. त्याऐवजी ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आणि जपानहून आलेला ३५ वर्षांचा टोमोयुकी सुगानो यांच्याशी एकेका वर्षाचे करार केले. ग्रेसन रॉड्रिगेझ दुखापतीमुळे पूर्ण हंगाम खेळलाच नाही आणि आधाराला कोणी उरले नाही. १५ विजय, २८ पराभव अशा अवस्थेत मे महिन्यात प्रशिक्षक ब्रँडन हाइड यांना काढण्यात आले. दुखापती कोणाच्या हातात नसतात हे खरे, पण त्या होणारच असे धरून तजवीज करणे हेच तर व्यवस्थापनाचे काम.

तरुण खेळाडू देऊन टाकणे हाच उपाय का?

नाही. जुलै २०२४ मध्ये ओरिओल्सने काइल स्टोवर्स आणि कॉनर नॉर्बी यांना मायामीला देऊन पिचर ट्रेव्हर रॉजर्सला आणले. त्या वर्षी रॉजर्स इतका अपयशी ठरला की त्यालाच मायनर लीगमध्ये धाडावे लागले. पुढच्याच वर्षी स्टोवर्स ऑल-स्टार झाला. ‘तरुण देऊ नका’ म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळाला. पण त्याच २०२५ मध्ये रॉजर्सने दर नऊ डावांमागे सरासरी १.८१ धावा देत संघातला सर्वोत्तम पिचर म्हणून नाव मिळवले. एका व्यवहाराचा निकाल एका वर्षात लागत नाही, एवढाच याचा अर्थ.

दुसरी बाजूही तितकीच खरी. साठवलेल्या तरुणांचा भाव कायम राहत नाही. २०२० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला हेस्टन कर्स्टाड आजही संघात पक्की जागा मिळवू शकलेला नाही. जिथे एका जागेसाठी तिघे रांगेत असतात, तिथे न खेळणाऱ्याचे वय वाढते आणि भाव उतरतो. तरुण खेळाडू म्हणजे बँकेतली मुदत ठेव नव्हे, बाजारात न्यायचा आंबा आहे.

या वेळी काय बदलले?

ऑगस्ट २०२५ मध्ये पदार्पण केलेल्या सॅम्युएल बसायोशी काही दिवसांतच आठ वर्षांचा ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार झाला. म्हणजे कोणाला जपायचे, ते ठरले. नवे प्रशिक्षक म्हणून क्रेग अल्बर्नाझ आले. रॉड्रिगेझला एंजल्सकडे पाठवून ३६ होम रन करणारा टेलर वॉर्ड घेतला. पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. टॅम्पा बेच्या शेन बाझ या पिचरसाठी चार तरुण आणि ड्राफ्टमधला एक हक्क मोजला.

यातला प्रत्येक व्यवहार बिनचूक नाही. चार वर्षे संघाकडे राहू शकणारा रॉड्रिगेझ देऊन घेतलेल्या वॉर्डचा करार २०२६ नंतर संपतो. रॉड्रिगेझचा हात बरा झाला तर हा सौदा टोचणार. अलोन्सो पहिल्या बेसवर खेळतो, आणि मेयोची जागाही तीच.

आता पुढे काय?

व्यवस्थापनाने अर्धे काम केले आहे. उरलेले अर्धे म्हणजे मेयोसारख्यांचा निर्णय : त्याला दुसरी जागा देऊन रोज खेळवा, नाहीतर जिथे तो रोज खेळेल अशा संघाकडे जाऊ द्या. त्याला पुन्हा नॉरफोकमध्ये ठेवणे हिशेबाला सोयीचे असेल, पण त्यात ना त्याचे भले आहे ना संघाचे. पराभवाची वर्षे ज्या आशेवर विकली गेली, ती आशा याद्यांमध्ये अडकून पडली तर बाल्टिमोरच्या प्रेक्षकाने आणखी किती वाट पाहायची? त्याला आता गुणवान खेळाडूंच्या क्रमवारीत रस उरलेला नाही. त्याला ऑक्टोबरमध्ये, बाद फेरीत, एक सामना जिंकलेला पाहायचा आहे. २०१४ पासून या संघाने तिथे सलग १० सामने गमावले आहेत.