आकड्यांत नसलेली आपली मुलं



गणपतीत आमच्या गावच्या मंडळात जेवताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "तू नक्की कशावर संशोधन करतेस गं?" मी म्हटलं, "पब्लिक हेल्थ." हे उत्तर मी गेली पंधरा वर्षं देते आहे. खरं उत्तर आहे गे आणि बायसेक्शुअल पुरुषांचं लैंगिक आरोग्य. चाळिशी उलटली, पीएच.डी. झाली, तरी मोदकाच्या ताटासमोर तेवढं तोंडून निघत नाही. म्हणून हे पत्र.

जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुण समलिंगी पुरुषांच्या न्यूमोनियाची नोंद सीडीसीच्या साप्ताहिकात आली, तेव्हा या आजाराला नावही नव्हतं. २०१० मध्ये आयप्रेक्स चाचणीने दाखवलं, की रोजच्या एका गोळीने एचआयव्हीच्या लागणीचा धोका ४४ टक्क्यांनी कमी होतो; नियमित घेणाऱ्यांत त्याहून पुष्कळ जास्त. हीच 'प्रेप'. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पार्टनर-२ या युरोपातल्या अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, पण औषधांमुळे विषाणू रक्तात सापडत नव्हता. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. १५ जणांना लागण झाली, पण तपासल्यावर त्यातली एकही त्या जोडीदाराकडून आलेली नव्हती. आमच्या कामात शून्य हा आकडा असा सहजी भेटत नाही.

या आकड्यांत आपली मुलं कुठे आहेत? सीडीसीच्या एचआयव्ही अहवालांत रकाना असतो 'एशियन'. त्यात पुण्याचा, मनिलाचा आणि सोलचा मुलगा एकच. २००३ मध्ये सुरू झालेली मोठी राष्ट्रीय पाहणी समलिंगी पुरुषांना बार, क्लब अशा ठिकाणी गाठत आली. जो तिथे जातच नाही, बायको-मुलांसह सबर्बमध्ये राहतो, तो तिला सापडणार कसा? मग माझ्यासारखी कोणीतरी तक्त्याखाली तळटीप टाकते, 'संख्या अपुरी'. आणि आपण ती 'आपल्यात असलं काही नाही' अशी वाचतो.

आहे. बिंदुमाधव खिरे आपल्यातल्या अनेकांसारखेच सॅन फ्रान्सिस्को भागात आयटीत होते. पुण्याला परतून २००२ मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीतून लिहिलं. त्याच्याही आधी, १९३४ साली, र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरावरून खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांबद्दलच्यासुद्धा, त्यांनी छापून उत्तरं दिली होती. त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले. पण बघा, तेव्हा मराठी माणसं पत्र लिहून विचारत तरी होती!

आता आपल्या घरातली गोष्ट. २६ वर्षांचा होईपर्यंत मुलगा आईवडिलांच्या इन्शुरन्सवर राहू शकतो. २०२१ पासून बहुतेक खाजगी प्लॅन्सना प्रेप फुकट द्यावी लागते. म्हणजे पैशांचा प्रश्न बराचसा मिटला. पण तपासणी केली, की इन्शुरन्सचा कागद बाबांच्या नावाने घरी येतो, आणि आपण तर प्रत्येक बिल ओळ न् ओळ वाचणारी माणसं. कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून अशी माहिती मुलाच्या परवानगीशिवाय पॉलिसीधारकाला कळवता येत नाही, पण प्रत्येक राज्यात तसा कायदा नाही. मग मुलगा तपासणीच टाळतो. याला कुठलाही व्हायरॉलॉजिस्ट काही करू शकत नाही. "तुझ्या नावाचं पाकीट आम्ही उघडणार नाही," एवढं कॉलेजला सोडतानाच सांगून ठेवा. मुलगा गे असो वा नसो.

आणि हे आत्ताच का लिहिते आहे? २०२५ मध्ये एनआयएचने शेकडो संशोधन-अनुदानं रद्द केली. एलजीबीटी आरोग्यावरची त्यात पुष्कळ होती. जूनमध्ये बॉस्टनच्या न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं, तर ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी अनुदानं परत देण्याचा आदेश थांबवला. मोठे गट अशा कपातीत कसेबसे तग धरतात, आधीच तळटिपेत असलेले आधी गळतात. आपल्या सिनेटरांना पत्र लिहिताना आपण एच-१ आणि ग्रीनकार्डबद्दल लिहितो, त्यात याही दोन ओळी घालायला काय हरकत आहे?

काकूंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात भेटतील, तेव्हा सांगणार आहे. दरम्यान कोणाला याबद्दल मराठीतून बोलायचं असेल, तर या पत्राला उत्तर पाठवा. नाव कळवलं नाही तरी चालेल.