चिकपेटचा मतदार: पोट एकीकडे, नाव दुसरीकडे

लोकसभा निवडणुकीत 26 एप्रिल 2024 रोजी दक्षिण बंगळुरू मतदारसंघात सुमारे 53 टक्के मतदान झाले. त्याच दिवशी मंड्यामध्ये हे प्रमाण 80 टक्क्यांच्या पुढे गेले. मतदानाचा वार शुक्रवार, त्याला जोडून शनिवार-रविवार. साहजिकच शहरी मतदाराच्या उदासीनतेवर पुन्हा एकदा बोट ठेवण्यात आले.

हा ठपका सर्वस्वी खोटा नाही. मात्र याच लोकसभा मतदारसंघात मोडणाऱ्या चिकपेटचा विचार केल्यास तो अपुरा ठरतो. मतदार जागृतीच्या नावाखाली एका खासगी संस्थेचे कर्मचारी निवडणूक कर्मचारी असल्याचे भासवून घरोघरी माहिती गोळा करीत असल्याचा आरोप नोव्हेंबर 2022 मध्ये बंगळुरूत झाला. त्यानंतर शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या विधानसभा मतदारसंघांच्या याद्यांत 1 जानेवारी 2022 पासून घातलेले व वगळलेले प्रत्येक नाव पुन्हा तपासण्याचे आदेश निवडणूक आयोगाने दिले, तसेच दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निलंबनाचेही.

टक्केवारी यादीवरून काढली जाते, ही बाब येथे महत्त्वाची. ज्याचे नाव चुकीने वगळले गेले, तो गैरहजरांतही मोजला जात नाही. उलट मृताचे किंवा घर बदलून गेलेल्याचे नाव राहिले, तर तो प्रत्येक निवडणुकीत गैरहजरच.

कापडाच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेत दिवसभर राबणारे सगळेच इथले मतदार नसतात. एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही. जिथे सर्वसाधारण वास्तव्य तिथे नोंदणी, असे कायदा सांगतो. पण भाडेकराराविना राहणाऱ्याने पुरावा द्यावा कोणता? शिवाय जमीन, भावकी, ग्रामपंचायत गावाकडे असताना तिथले नाव सहजी सोडवत नाही.

बेळगाव जिल्ह्यातून इथे कामाला आलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. त्याची पेठ 26 एप्रिलला मतदानासाठी बंद, त्याच्या गावचे मतदान मात्र 7 मे रोजी. मतदानाची भरपगारी सुटी कायद्याने त्यालाही आहे, पण ती एका दिवसाची. आणि बेळगाव सुमारे 500 किलोमीटर दूर. मालकाकडे दुसऱ्यांदा सुटी मागण्याचे धाडस किती जण करीत असतील?

अशी मते नगण्य मानण्याचे कारण नाही. मे 2023 मध्ये याच लोकसभा मतदारसंघातील जयनगर विधानसभेचा निकाल फेरमोजणीनंतर अवघ्या 16 मतांनी लागला.

अशा स्थलांतरितांना राहत्या ठिकाणाहून गावच्या उमेदवाराला मत देता यावे, यासाठी आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र तयार करवून घेतले. जानेवारी 2023 मध्ये ते राजकीय पक्षांना दाखविण्यासाठी बैठकही बोलावली. यादीची खातरजमा कशी होणार, दूरवरच्या केंद्रावर उमेदवारांचे प्रतिनिधी कसे बसणार, अशा शंका विरोधी पक्षांनी उपस्थित केल्या. चिकपेटचा अनुभव ताजा असताना त्या निराधार म्हणता येत नव्हत्या. 2024 ची लोकसभा निवडणूक या यंत्राविनाच पार पडली.